भावडबारीत बंद पडलेली गाडी

आमचे मामा दातांनी ऐकत असत. लांब पात्याचा, लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडे होता. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ दाताखाली धरायची, डोळे मिटायचे आणि उकिडवं बसून राहायचं. तोंडात लाकूड असल्यानं बोलता येत नसे, म्हणून डाव्या हाताच्या बोटांनी ते मला खुणा करत. वाढव. कमी कर. राहू दे. मी ओढणी कमरेला खोचून गाडीजवळ उभी, हात ॲक्सिलरेटरवर. समोरच्या गॅलरीतल्या बायकांना हा खेळ रोज फुकट बघायला मिळे. "तुमच्या सुनेला मेकॅनिक केली का हो?" असं एकीनं आमच्या सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तिला हात तरी लावू देतात. मला कधी लावू दिला नाही."

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन नाशिकला सिडकोतल्या त्या घरात आले, तेव्हा मामा एका सरकारी कचेरीत आरेखक होते. धरणांचे, पाटांचे नकाशे काढायचे. हात अतिशय नीटनेटका. भाजीच्या पिशवीला गाठ मारली तरी ती सोडताना आपल्याला वाईट वाटावं, अशी मारत. घरात कुठं एक थेंब सांडलेला त्यांना चालत नसे. रागावत नसत, नुसतं फडकं आणून पुसून टाकत, आणि आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

पण त्यांचा खरा भरवसा कानांवर. दातांवर ते पुढं आले, कान मंदावल्यावर. मी आले तेव्हा कान चांगले तिखट होते. स्वयंपाकघरात कुकर चढवला की बाहेरच्या खोलीतून म्हणत, "शैला, शिट्टी नीट बसली नाही." बघावं तर खरंच बसलेली नसे. पंखा, मिक्सर, नळ, सगळ्यांच्या तब्येती त्यांना कानानंच कळत. डोळ्यांनी बघण्यासारखी गोष्टही ते आधी ऐकून घेत. गाडीत पेट्रोल किती आहे हे पाहायला त्यांनी टाकीचं झाकण कधी उघडलं नाही. गाडी दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवायची आणि आतली खळखळ ऐकून सांगायचं, "अर्धी आहे." "उगाच झाकण उघडत बसलं की कचरा जातो," असं त्यांचं म्हणणं.

ही गाडी मी लग्नानंतर बरेच दिवस पाहिलीच नव्हती. जिन्याखाली ताडपत्री टाकून काहीतरी उभं केलेलं होतं. एकदा मी केरसुणी त्याच्यामागे ठेवली, तर आत्यांनी ती लगेच काढली. "ती वस्तू हलवू नको," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं नाही. नव्या घरात काही गोष्टींना हात लावायचा नसतो, एवढं माहेरी शिकवून पाठवलेलं होतं.

मामा निवृत्त झाले, त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी त्यांनी ती ताडपत्री स्वतःच ओढून काढली. खाली जुनी, लहानशी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. चाकं बसलेली, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, टाकीला गंजाचे पापुद्रे. वर्षभर मामा तिच्यामागे होते. पत्रा ठोकून घेतला, टाकी आतून धुतली, भद्रकालीतून सीट शिवून आणली, नट-बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून एकेक घासला. जे भाग बाजारात मिळत नव्हते ते सातपूरच्या एका लेथवाल्याकडून करून घेतले. शेवटी मरून रंग चढवून ती अंगणात उभी राहिली तेव्हा गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. किक मारली की टणटणीत आवाज निघे, मागून निळसर धूर, आणि जळक्या ऑइलचा तो गोडसर वास दुपारभर घरात राही.

किक मारायची मी. मामांचा गुडघा दुखायचा आणि माझ्या नवऱ्याला त्या गाडीचं नावही नको असायचं. मी लासलगावची. वडील मार्केट यार्डात काट्यावर कामाला, घर यार्डाच्या भिंतीला लागून. कांद्याच्या दिवसांत पहाटेपासून दारात ट्रॅक्टरांची रांग, त्यांचे आवाज ऐकतच आम्ही उठायचो. इंजिनाची मला भीती नव्हती. मामांना तेवढं पुरलं. त्यांच्या हाताखाली मी प्लग काढायला शिकले, तो इंजिनाच्या डोक्यावर ठेवून किक मारायची आणि ठिणगी निळी पडते का पिवळी हे बघायचं शिकले, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते शिकले. संध्याकाळी कणीक मळायच्या आधी आत्या माझ्यासमोर लिंबाची फोड ठेवत आणि म्हणत, "आधी हे चोळ. काल पोळ्यांना वास येत होता."

गाडी सुंदर झाली, पण तिला एक दुखणं होतं. सिडकोत, गंगापूर रोडला, भाजीबाजारात कितीही फिरवा, कुरकुर नाही. लांब निघालं की मात्र दगा. आग्रा रोडनं आडगाव सोडलं, जरा वेग धरला की ती आधी दम लागल्यासारखी करी, मग एक आचका देऊन बंद. किक मारून उपयोग नाही. तशीच थोडा वेळ उभी ठेवली की आपोआप चालू होई, जरा पुढं जाई आणि पुन्हा बंद.

मामांनी त्यासाठी केलेल्या खटपटी सांगायला गेलं तर संपणार नाहीत. त्यांचा एक नियम होता: "एका वेळी एकच." एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि मग ओझरच्या दिशेनं जाऊन बघायचं. दोन एकदम बदलल्या तर कशानं बरी झाली ते कळत नाही. गरम झाल्यावर कॉइल मरत असेल म्हणून कॉइल बदलली. गाडी आडगावच्या पुढं बंद पडली. कंडेन्सर बदलला. बंद पडली. पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून त्याची बारीक छिद्रं पितळी तारेनं साफ केली, सायलेन्सर जाळून आतली काजळी काढली. दर खेपेला मी मागे बसून जायची, दर खेपेला आम्ही कुठल्यातरी द्राक्षबागेच्या कडेला उभे. मामा घामाघूम होऊन म्हणत, "चला, एक कारण कमी झालं."

पंचवटीतल्या एका मेकॅनिकला दाखवली तर तो हसून म्हणाला, "काका, म्हातारी झाली गाडी. गावात फिरवा. एवढं चालायचंच." मामांनी गाडी घरी आणली. मग पायरीवर बसून म्हणाले, "चालायचंच म्हणजे काय? बंद पडते म्हणजे कारण आहे. मला ते पाहिजे." त्यांच्या आवाजात काहीतरी असं होतं की मी चहा ठेवायला आत गेले.

त्या दिवशी दुपारी मेथी निवडताना मी आत्यांना विचारलं, की गाडी गावात नीट चालते तर मामांना एवढं लागायचं कारण काय. आत्या बराच वेळ काड्या वेगळ्या करत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं.

मामांचं गाव देवळ्याजवळ. घरी त्यांची आई आणि धाकटा भाऊ, आप्पा. आप्पा शेती बघायचे, मामा नोकरीला नाशिकला. ही मोटारसायकल मामांनी तेव्हा नवीनच घेतली होती. घराण्यातली पहिली गाडी. एके दिवशी सकाळी कचेरीत फोन आला की आईचं जास्त आहे, निघून या. मामा तसेच गाडीवर निघाले. सोग्रस फाट्यावरून देवळ्याकडे वळलं की भावडबारीचा घाट लागतो, तो ओलांडला की गाव आलंच. वाटेत दोनदा अडखळलेली गाडी त्या घाटात बंद पडली. मामा खाली बसून ती दुरुस्त करू लागले. प्लग काढला, पुसला, घातला. चालू झाली, वळणापुरती गेली, बंद. पुन्हा खोलली. सकाळची दुपार झाली. आई दुपारी गेली. घरच्यांनी थोरल्या मुलाची वाट बघितली, मग दिवस मावळायला आला तसं आप्पांनीच अग्नी दिला. मामा गाडी ढकलत गावात पोचले, तेव्हा माणसं नदीवरून परत येत होती.

"तेव्हापासून दोघं भाऊ नीट बोलले नाहीत," आत्या म्हणाल्या. "लग्नकार्याला भेटतात, या-बसा म्हणतात. तेवढंच. आणि ती गाडी ह्यांनी त्यानंतर कधी चालवली नाही, विकलीही नाही."

मग मला त्यांचं ते एकेक कारण कमी करणं समजलं. मामांना ती गाडी कुठं फिरवायची नव्हती. त्या दिवशी घाटात तिला काय झालं होतं, एवढं त्यांना हवं होतं. नंतर एकदा कार्बोरेटर पुसताना त्यांनी ते स्वतःच बोलून दाखवलं. "रस्त्यावर एकट्या माणसाला दुरुस्त करता आलं असतं की नसतं, तेवढंच मला बघायचंय."

त्याच सुमाराला त्यांना वाटू लागलं की दोष इंजिनाच्या पोटात, ऑइल सीलमध्ये असावा. इंजिन तापलं की सील ढिलं पडतं, हवा आत ओढली जाते आणि गाडी मरते. हे सांगताना त्यांचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी मोकळा पाहिला. "हे असेल ना शैला, तर घाटात कोणी काही करू शकत नाही. सगळं इंजिन उतरवावं लागतं." त्यांनी ते उतरवलं. अंगणात चादर पसरून एकेक भाग मांडला, नवी सील बसवली, पुन्हा सगळं जोडलं. त्या दिवसांत ते गुणगुणत असत. आत्या मला म्हणाल्या, "सील असू दे रे बाबा, एवढं देवाला सांग."

इंजिन बसवून आम्ही निघालो. गाडी आडगावच्या पुढं बंद पडली.

मामा त्या दिवशी खाली उतरलेच नाहीत. गाडीवर तसेच बसून राहिले. मग त्यांनी तिसऱ्या माणसाला सांगावं तसं म्हटलं, "सील नव्हतं."

एव्हाना त्यांचे कान बरेच गेले होते. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण मला कळत होतं. कुकरवर बोलणं थांबलं होतं. स्क्रूड्रायव्हर दाताखाली आला होता. माझ्याकडे पाठ असताना मी बोलले तर त्यांना पत्ता लागत नसे. आता ते सावकाश खाली उतरले, सवयीनं गाडी दोन्ही हातांनी हलवली आणि थांबले. पुन्हा हलवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेट्रोल आहे का बघ जरा."

मला काही खळखळीवरून सांगता येत नव्हतं. मी झाकण फिरवून उघडलं. उघडताना आतून फुस्स असा आवाज झाला, बाटलीचं बूच काढल्यासारखा, आणि हवा माझ्या बोटांजवळून आत ओढली गेली. पेट्रोल पुष्कळ होतं. झाकण लावायच्या आधी मी सहज किक मारली. गाडी पहिल्या किकला चालू झाली.

"काय केलंस?" मामांनी विचारलं.

"काही नाही. झाकण उघडलं." त्यांना ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, "आत हवा गेली, मामा. आवाज झाला."

"कसला आवाज?"

मी तोंडानं तो आवाज करून दाखवला. मला आनंद झाला होता. इतक्या दिवसांनी काहीतरी सापडलं होतं आणि ते मला सापडलं होतं. मामांनी झाकण घट्ट लावलं, आम्ही पुढं गेलो. बंद पडली. झाकण उघडलं. चालू झाली. त्यांनी पुन्हा एकदा तसंच करून बघितलं. मग झाकण काढून उन्हात धरलं. टाकीतलं पेट्रोल खाली इंजिनाकडे उतरायचं तर वरून तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. आतल्या बाजूनं त्या भोकावर रबराचा एक गोल वायसर नीट, चपखल बसवलेला होता. हवेला वाटच नव्हती. जवळपास फिरताना काही कळत नसे. लांब गेलं की टाकी आतून आवळत जाई आणि पेट्रोल अडून राही.

मामांनी नखानं तो वायसर उचकटला. "हा मी कापलाय," ते म्हणाले. "ट्यूबमधून. पेट्रोल सांडून टाकीचा रंग जाऊ नये म्हणून." थोड्या वेळानं म्हणाले, "तेव्हाही कापला होता. गाडी नवी होती ना."

ते रस्त्याच्या कडेला मातीत बसले. पॅंट खराब होईल याचा विचार न करता मामा कुठं बसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. "नुसतं झाकण उघडायचं होतं," असं ते म्हणाले, आणि ते मला सांगत नव्हते. येताना गाडी एकदाही अडखळली नाही. घरी आल्यावर त्यांनी ती पुसली, जिन्याखाली नेली आणि वर ताडपत्री टाकली. आत्यांनी माझ्याकडे बघून भुवई वर केली. मी मान हलवली. त्यांनी पुढं विचारलं नाही, पण त्या रात्री मामांच्या ताटात त्यांनी न विचारता तूप वाढलं.

त्यानंतर काही दिवस मामा जिन्याकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी कपडे करून बाहेर आले आणि मला म्हणाले, "देवळ्याला जायचंय. तू चल. मला तिथलं सगळं ऐकू येणार नाही."

"गाडीनं?" मी विचारलं.

"नाही. येष्टीनं."

घाट लागला तेव्हा मी खिडकीकडे बघितलं, मामांनी बघितलं नाही. ते आपल्या हातांकडे बघत होते.

आप्पा कांदे साठवायच्या चाळीपुढं बसून कांदे निवडत होते. अंगानं मामांपेक्षा थोराड, उन्हानं करपलेले. आम्हाला बघून त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला.

"कसा शे?" मामांनी विचारलं.

"बरा शे," आप्पा म्हणाले आणि गोणपाट पुढं सरकवलं.

मामा गोणपाटावर बसले. चहाची वाट न बघता त्यांनी खिशातून तो रबराचा वायसर काढून आप्पांसमोर ठेवला आणि कचेरीत साहेबाला नकाशा समजावून सांगावा तसं सगळं सांगितलं. झाकण, भोक, हवा. "झाकण उघडलं असतं तर गाडी तिथल्या तिथं चालू झाली असती. मी उघडलं नाही. चूक माझीच होती. एवढं सांगायला आलो."

आप्पांनी वायसर उचलून फिरवून बघितला आणि परत दिला. मग ते खाली कांद्यांकडे बघत, हळू आवाजात अहिराणीत बोलले. मला अहिराणी बोलता येत नसली तरी कळते. ते म्हणाले, "गाडीचं मी कधी विचारलं? गाडी बंद पडली ते त्याच दिवशी कळलं होतं. घाटातून येष्ट्या येत होत्या. आपल्या गावची माणसं उतरून सांगत होती, भाऊ घाटात गाडी खोलून बसलाय. त्यानं येष्टीला हात का नाही केला?"

मामांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतोय?"

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी नजर वर केली नाही. घराच्या दारात त्यांची बायको येऊन उभी होती. मी मामांच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यांना ऐकू जावं एवढ्या आवाजात, म्हणजे साऱ्या खळ्याला ऐकू जाईल असं, म्हणाले, "आप्पा विचारतायत, तुम्ही येष्टीला हात का नाही केला?"

मामांच्या हातात तो वायसर होता. तो त्यांनी बोटात घातला, काढला.

"ती चालू होत होती रे," ते म्हणाले. "थांबलं की चालू व्हायची. येष्टी यायची तेव्हा नेमकी चालू असायची, नाहीतर मला वाटायचं, आता होईल. दर वेळी वाटायचं, आता होईल." त्यांनी वायसर मुठीत घेतला. "आणि टाकून यायला जीव झाला नाही. नवी होती. कोणी नेली असती तर, असं आलं मनात."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी आत्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. आप्पांनी कांदा पुन्हा हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही समजलं नाही. थोड्या वेळानं ते बायकोला म्हणाले, "भाकरी टाक. जेवून जातील." जेवताना कांद्याच्या भावावर, पावसावर बोलणं झालं. निघताना आप्पा फाट्यापर्यंत आले, येष्टीला त्यांनीच हात केला आणि आम्ही चढल्यावर खिडकीखाली उभे राहिले. काही बोलले असते तरी मामांना ऐकू गेलं नसतं.

दोघा भावांचं त्यानंतर मेतकूट जमलं असं म्हणता येणार नाही. तुटलेलं इतकं जुनं असलं की माणसांना त्याची सवय होऊन जाते. पण कांदा निघाला की आप्पांकडून देवळ्याच्या येष्टीनं एक गोणी यायला लागली. कंडक्टर ती सिडकोच्या रिक्षात घालून देई. मामा ती गोणी स्वतः उघडत, कांदे स्वतः पसरत. गाडी त्यांनी सिन्नरच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाला देऊन टाकली. त्याला जुन्या गाड्यांचं वेड होतं. त्याला बाकी काही समजावलं नाही, झाकणाचं भोक तेवढं दोनदा दाखवलं.

त्यांच्यात एक फरक मात्र घरातल्या सगळ्यांना दिसला. कोणाचं बोलावणं आलं की ते आपल्याला क्षणभर थांबू देत नसत. माझे वडील यार्डात पडले, लासलगावहून फोन आला, तेव्हा मी कपाट उघडून साड्या बघत होते. मामांनी कपाटाचं दार लावलं. "निघ," म्हणाले. द्वारका चौकात बस येईना तर हा नीटनेटका, कोणाला कधी तोशीस न देणारा माणूस रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि कांदे उतरवून परत निघालेला एक टेम्पो त्यांनी थांबवला. मला चालकाशेजारी बसवून दिलं. वडिलांचा पाय मोडला होता, बाकी काही नव्हतं. मी परत आल्यावर मामांनी विचारलं, "वेळेवर पोचलीस ना?" पायाचं त्यांनी नंतर विचारलं.

पुढं त्यांना काहीच ऐकू येईनासं झालं. कानाचं यंत्र आणलं होतं, त्यात नुसता खरखराट येतो म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं. पाटीवर लिहून बोलायचो. ते हसत, आपण काही सांगितलं की आपल्या ओठांकडे लहान मुलासारखे बघत. घरात कुकर लागे, पंखा खडखडे, आणि कोणी काही म्हणत नसे.

मामांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की जवळच्यांना कळवा. सकाळी आप्पांना फोन केला. आम्हाला वाटलं संध्याकाळपर्यंत येतील. ते दुपारच्या आतच दारात उभे होते. अंगात शेतातली बंडी, पायात चिखलाच्या चपला. देवळ्यापर्यंत कोणाच्यातरी मोटारसायकलवर, पुढं जीपमध्ये, पुढं ट्रकमध्ये, जे मिळेल त्यात बसून आले होते.

ते सरळ मामांच्या उशाशी गेले. मामांचे डोळे मिटलेले होते, श्वास चालू होता. आप्पांनी त्यांचा हात हातात घेतला आणि कानाला तोंड लावून बोलायला लागले. ते बोलणं कितीतरी वेळ चाललं होतं. थांबत, कपाळावरून हात फिरवत, पुन्हा बोलत. सिस्टर म्हणाली, "बाबा, त्यांना ऐकू येत नाही." आप्पांनी मान डोलवली आणि ते बोलतच राहिले. आम्ही बाहेर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी मामा गेले.

सगळं आटोपल्यावर, पाहुणे पांगल्यावर, आप्पा आमच्या पायरीवर बसले होते. मी चहा नेऊन दिला आणि शेजारी बसले. खूप दिवस कोणाशी बोलायचं राहून गेल्यासारखे ते आपणहून म्हणाले, "आईचं सांगत होतो त्याला. शेवटी ती काय काय बोलली ते. त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही."

"काय म्हणाल्या होत्या?"

"येष्टीतनं उतरलेल्या माणसानं दारातनं सांगितलं, भाऊ घाटात अडकलाय. ते तिनं ऐकलं. शुद्धीवर होती ना. म्हणाली, वाटेत शे ना, मग झालं. त्याला म्हणावं घाई करू नको. गाडी हळू आण." आप्पांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. "मला राग आला होता पोरी. म्हटलं, हे काय त्याला सांगायचं? ठेवून घेतलं."

"आता सांगितलंत ना. ऐकू गेलं असेल त्यांना," मी म्हणाले.

"काय माहीत," आप्पा म्हणाले. "चाळीपुढं बसला होता तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तेव्हा तू होतीस ओरडून सांगायला."